सामू मास्तरांची राखेची रेघ

कार्तिकातलं कोवळं ऊन. जमिनीवरचं दव अजून पुरतं उडालेलं नाही, तापीच्या अंगानं येणारा वारा अंगावर काटा उभा करतो आहे, आणि शाळेच्या पटांगणात एक माणूस उलट्या पावलांनी चालतो आहे. कमरेत वाकलेला, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, पाय अनवाणी. हातात रॉकेलचा जुना डबा, त्याच्या तळाशी खिळ्यानं पाडलेलं भोक. त्या भोकातून राख झरते. राखेला पडताना आवाज नसतो, पण आम्ही पोरं इतकी गप्प उभी असायचो की ती पडताना ऐकू येते असं वाटायचं. काळ्याभोर मातीवर एक पांढरी, सरळ रेघ लांबत जाते, आणि तिच्या आरंभी रोवलेल्या लाकडी खुंटीवरून त्या माणसाची नजर क्षणभरही हलत नाही.

सामू मास्तरांची आठवण आली की मला पहिल्यांदा हेच दिसतं, आणि हे दिसलं की माझा जीव शांत होत नाही, संतापतो. जुन्या शिक्षकांविषयी लिहायला बसलं की लोकांचे डोळे ओले होतात म्हणे. माझे होत नाहीत. माझ्या तळहातांची आग होते. ती का होते हे सांगण्यासाठी मी लिहिते आहे, कुणाला गोड वाटावं म्हणून नाही.

आमचं गाव नंदुरबारहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, तापीकाठच्या काळ्या जमिनीतलं. जमीन आमच्यासारख्यांची, विहिरी आमच्यासारख्यांच्या, देऊळ, चावडी आणि शाळेची कमिटीही आमच्यासारख्यांचीच. आणि गावचे पाटील व कमिटीचे अध्यक्ष माझे वडील, आबा. त्या गावात नवापूरकडच्या डोंगरातून हे मास्तर आले. ख्रिस्ती होते. घर डोंगरउतारावर भात-नागली पिकवणारं आणि कमी पडेल तेव्हा दुसऱ्याच्या बांधावर राबणारं. नाव शमुवेल, पण गावाच्या जिभेला ते पेललं नाही, म्हणून सामू. घरी ते डोंगरातल्या कोकणा लोकांची कोकणी बोलत, आम्ही अहिराणी. शाळेतली पुस्तकी मराठी दोघांनाही परकी, आणि ती ते इतकी जपून वापरत की जणू शेजारून मागून आणलेलं भांडं आहे, टवका उडता कामा नये. गावानं त्यांना चावडीमागची खोली दिली, पाण्याचा माठ वेगळा दिला, आणि आपण फार उदार आहोत अशी स्वतःची समजूत करून घेतली.

मास्तरांच्या हातचं पाणी चालत नसे, पण त्यांना राख द्यायला मात्र कुणाची हरकत नव्हती. त्यांनी हे पहिल्याच महिन्यात हेरलं असावं. दर सोमवारी प्रत्येक पोरानं आपल्या घरच्या चुलीतली मूठभर राख आणायची असा त्यांचा दंडक होता. पाटलांच्या चुलीतली, सुताराच्या, तेल्याच्या, गावाबाहेरच्या झोपड्यांतली अशी सगळी राख एका डब्यात पडायची आणि त्यातून आट्यापाट्यांचा आखाडा उभा राहायचा. नऊ आडव्या पाट्या, त्यांना छेदून जाणारी एक उभी. धावणाऱ्यानं नऊ पाट्या ओलांडून पलीकडे जायचं आणि परत यायचं. पाटीवर उभ्या असलेल्यानं पांढऱ्या रेघेवरचा पाय न सोडता त्याला हात लावायचा. कोणती राख कोणाच्या घरची हे रेघेत कधी ओळखू आलं नाही. मास्तरांनी यावर कधी भाष्य केलं नाही, आणि आम्हाला ते कळण्याचं वयही नव्हतं.

त्यांचं वर्ष खेळांनी बांधलेलं होतं. श्रावणात पटांगण चिखलानं भरलं की शाळेच्या पडवीत लंगडी. एका पायावर तोल सावरत आम्ही उजळणी म्हणायचो, आणि सतराचा पाढा चुकला की तोलही जायचा. पौषात, थंडीनं बोटं आखडलेली असताना, हुतुतू. चैत्रात निंबाचा फुलोरा खाली पडत असताना त्याच्या सावलीत लगोरी, आणि लगोरीचे दगड रचता रचता वजाबाकी. पुस्तकात डोकं खुपसून बसलेल्या पोराला ते हात धरून बाहेर आणत, आणि पळता पळता धडपडलेल्या पोराला उचलायला मात्र जात नसत. नुसते जवळ जाऊन उभे राहत, तो आपला आपण उठेपर्यंत. दोन बोटं तोंडात घालून ते शीळ घालत, ती नदीपलीकडे ऐकू जाई. हसताना त्यांचे खांदे आधी हसत, मग चेहरा. आणि पाटीवर उभे राहिले की दोन्ही हात असे पसरत, असे विस्तीर्ण, की पलीकडे जायचं सोडून त्या हातांत सापडावं असंच वाटे.

मला त्यांनी मुलगी म्हणून बाजूला बसवलं नाही. इथे पाटलाच्या पोरीला परकराचा काचा मारून पळायला लावणारा माणूस हा गावाच्या दृष्टीनं आधीच अर्धा गुन्हेगार होता. आणि मोगीला शाळेत आणून त्यांनी उरलेला गुन्हाही पुरा केला.

मोगी म्हणजे आमच्या सालदाराची मुलगी. तिचा बाप वर्षाच्या बोलीवर आमच्या शेतात राबायचा. सातपुड्यातून खाली उतरलेलं भिलाचं घर. मास्तर त्यांच्या झोपडीत जाऊन तीनदा बसले, तेव्हा कुठे ती शाळेत आली. वर्गात तिला उंबऱ्याजवळ वेगळं पोतं दिलेलं होतं. हेडमास्तर म्हणून जे दुसरे गुरुजी होते, ते आबांच्या शब्दाबाहेर नव्हते, आणि ते पोतं त्यांनी आपल्या हातानं एक वीत आणखी लांब सरकवलं होतं. मोगीला अक्षरांत गोडी नव्हती, हे मी मान्य करते. ती पटांगणासाठी यायची. पण ती धावायला लागली की पावलाखालची माती हलायची नाही. नऊ पाट्या ती अशी पार करायची की पाटीवरच्या पोराला हात पुढे करायचं सुचेपर्यंत ती परतीच्या वाटेवर असायची. आणि एकदा, मी धावणारी आणि ती पाटीवर असताना, तिनं माझ्या खांद्याला हात लावला. मी बाद झाले. सगळं पटांगण क्षणभर थबकलं. मास्तरांनी शांतपणे शीळ घातली आणि म्हणाले, "सुभद्रा बाद. पुढचा गडी." बस्स, इतकंच. त्या दिवशी घरी जाऊन मी आंघोळ केली नाही, आणि तेही कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि त्या पटांगणाइतकी दुसरी कुठलीही जागा मला माझी वाटत नव्हती. म्हणून पुढचं सांगताना माझा आवाज चढतो; चढू दे.

त्या वर्षी मिरची अमाप आली. आमच्याकडे मिरची तोडली की मोकळ्या सपाट जागेवर पसरून उन्हात वाळवतात, खालीवर करतात, आणि वाळली की गाड्या भरून नंदुरबारच्या बाजारात नेतात. आमचं खळं भरलं, चुलत्यांचं भरलं, आणि मार्गशीर्षात एका सकाळी आम्ही शाळेत आलो तेव्हा पटांगण तांबडंलाल झालेलं होतं. आखाड्याच्या पाट्या मिरचीखाली गेल्या होत्या. आबा काठी टेकून उभे होते. मास्तरांना म्हणाले, "मास्तर, जागा गावनी शे. मिरची वायी जाऊ द्या, मंग खेयाडा पोरेसले."

मास्तरांनी त्या लाल पसाऱ्यावरून नजर फिरवली. मग त्यांचे खांदे हलले. ते हसत होते. मिरचीचे चौकोनी वाफे घातलेले होते आणि खालीवर करणाऱ्या बायांना फिरता यावं म्हणून वाफ्यांमधून वीतभर रुंदीच्या वाटा सोडलेल्या होत्या. मास्तरांनी त्या वाटांवरच नवा खेळ रचला. पकडणारा आणि पळणारा, दोघांनीही वाटेवरच राहायचं. ज्याच्या पायाखाली मिरची आली तो बाद. आम्हाला त्या खेळाचं वेड लागलं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या टाचा पेटल्या, आठ दिवसांनी आमचे पाय इतके हुशार झाले की वाफ्याच्या कडेची मिरचीसुद्धा डुलायची नाही. लाल वाफ्यांतून चाळीस पोरं पळताहेत, वर निळं स्वच्छ आभाळ, मधूनच कुणीतरी शिंकतं आणि शिंकेपायी बाद होतं! मिरची परतणारी म्हातारी गेंदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "नाचू द्या हो पोरेसले, मिरचीले काय व्हस?" माझ्या बालपणातलं ते निखळ सुख होतं, आणि ते अवघे वीस-पंचवीस दिवस टिकलं.

आबांच्या मनात राहू नये म्हणून मास्तरांनी एक शब्द दिला होता. खेळ संपला की पोरं एकदा मिरची खालीवर करून देतील. हातासरशी उरकणारं काम, अर्ध्या घटकेचं. ही त्यांची चूक. डोंगरातल्या माणसाची चूक म्हणा. तिकडे कुणाच्या भाताला सगळी वाडी हात लावते आणि संध्याकाळी सगळी एकत्र जेवून मोकळी होतात, कुणी कुणाचं मालक होत नाही. आमच्याकडे एकदा दिलेला हात परत मिळत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अर्ध्या घटकेची घटका झाली. मग खेळाच्या आधीही एकदा मिरची परतायची असं ठरलं. मग नंदुरबारच्या आडत्यानं देठ खुडलेली मिरची मागितली, आणि पौषाच्या अखेरीस एका दुपारी हेडमास्तरांनी आम्हाला वाफ्यांभोवती मांडी घालून बसवलं. चिमटीत मिरची धरायची, देठ मोडायचा, मिरची टोपलीत टाकायची. नखांच्या मुळाशी तिखट मुरायचं. कुणी डोळ्याला हात लावला तर तास दीड तास रडणं. हजेरीच्या पुस्तकात त्या तासापुढे "कसरत व मैदानी खेळ" असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असायचं. मास्तर आबांकडे गेले तेव्हा मी ओसरीवरच होते. आबा चिडले नाहीत. ते फार क्वचित चिडायचे, त्यांना चिडायची गरज नव्हती. सुपारी कातरत म्हणाले, "पोरेसना हातपाय हाली ऱ्हायनात ना, मास्तर? मंग ती कसरतच शे."

आजही हे वाक्य आठवलं की मला माझ्या बापाची लाज वाटते. बाप होता, जीव लावायचा, बाजाराहून येताना माझ्यासाठी रेवड्या आणायचा, हे सगळं खरं. पण चाळीस पोरांचं पळणं त्यानं टोपलीत भरून विकलं, आणि त्याला त्यात काही वावगं केल्याची पुसटशीही जाणीव झाली नाही.

मोगीनं शाळा सोडली. मास्तर तिच्या झोपडीत पुन्हा गेले, मीही लपतछपत मागे गेले. ती दारात तांदूळ पाखडत बसली होती. तिच्या भाषेत ती जे बोलली त्याचा अर्थ एवढाच होता, की देठच खुडायचे तर ते मी घरी बसूनही खुडते, त्या मजुरीची निदान भाकरी मिळते. मास्तरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिल्ह्याच्या शाळा बोर्डाला अर्ज लिहिला, आणि खेळाच्या तासाला मुलांकडून मिरचीचं काम करून घेतलं जातं, हे त्यात स्वच्छ मांडलं. अर्ज लिहिण्यापूर्वी त्यांनी आम्हा मोठ्या पोरांना निंबाखाली बसवून सांगितलं, "दिपोटी साहेब येतील. ते तुम्हालाच विचारतील. जे आहे ते सांगा. माझ्यासाठी नाही, पटांगणासाठी."

दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. फाल्गुनात त्यांचा दौरा ठरला, आणि गावानं अशी तयारी केली की जणू लग्नाचं वऱ्हाडच येणार. पटांगणातली मिरची एका रात्रीत, नव्हे, एका दुपारीच आमच्या वाड्यात हलली; आमच्याच हातांनी, आम्ही टोपल्या डोक्यावर घेऊन धावत होतो. साहेब यायच्या दिवशी सकाळीदेखील आम्ही उरलेले देठ खुडत होतो, कारण दुसऱ्या दिवशी गाड्या निघायच्या होत्या. मायनं मला घाईघाईनं नवा परकर नेसवला, माझे हात पाण्यानं खसाखसा धुतले, आणि लाल झालेल्या बोटांकडे पाहून तिचा चेहरा बदलला. ती खाली वाकून म्हणाली, "सुभी, हात मांगे ठेवजो. साहेबनी इचारं ते सांगजो, आम्ही खेयतस." तिच्या डोळ्यांत भीती होती. ती आबांची होती, साहेबाची नव्हती, हे मला बरंच नंतर उमगलं.

साहेब आले. गोरेपान, पुणेरी पगडीतले, घामाघूम. पाटलाची पोर म्हणून हार घालण्याचा आणि टिळा लावण्याचा मान माझा. मी त्याच बोटानं, देठ खुडलेल्या, वरवर धुतलेल्या बोटानं गंध कालवलं आणि त्यांच्या कपाळावर लावलं. मग पाढे झाले, वाचन झालं, नकाशावर तापी दाखवून झाली. शेवटी त्यांनी खिशातून तो अर्ज काढला. वर्गात आबा होते, कमिटीची माणसं होती, हेडमास्तर होते, आणि भिंतीला पाठ लावून, हात मोकळे सोडून, सामू मास्तर उभे होते.

"मुली," साहेब मला म्हणाले, "खेळाच्या तासाला तुम्ही काय करता?"

मी हात पाठीमागे धरले होते. बोटांची आग होत होती, आणि ती आग म्हणजेच खरं उत्तर होतं. हात नुसते पुढे केले असते तरी पुरलं असतं. मी मास्तरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे अगदी त्याच नजरेनं पाहत होते जिनं ते धडपडलेल्या पोराजवळ जाऊन उभे राहत, तो आपला आपण उठेल म्हणून. मग मी आबांकडे पाहिलं.

"आम्ही खेळतो, साहेब," मी म्हणाले. स्वच्छ, शुद्ध, मास्तरांनी घोटून घेतलेल्या मराठीत.

साहेबांनी समाधानानं मान डोलावली आणि रुमालानं कपाळावरचा घाम टिपला. टिळा पुसला गेला. तोच रुमाल त्यांनी डोळ्यांवरून फिरवला, आणि दुसऱ्याच क्षणी ते खुर्चीत ताठ झाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. कुणी पाणी आणलं, कुणी पंखा. मास्तर एक पाऊल पुढे आले. मला वाटलं, आता हे बोलतील, या मुलीचा हात हुंगून बघा म्हणतील. ते बोलले नाहीत. आणि साहेब, खरं उत्तर डोळ्यांत शिरलेलं असताना, हसत हसत आबांना म्हणाले, "काय हो पाटील, तुमच्या गावाची हवाच तिखट!" सगळा वर्ग हसला, कमिटी हसली, हेडमास्तर पोट धरून हसले. मीही हसले.

त्या हसण्याचा मला जितका राग येतो तितका त्या खोट्याचाही येत नाही. खोटं भीतीनं बोलले होते. हसायला कुणी सांगितलं होतं?

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, खेळाचा तास उत्तम, तक्रार निराधार. आबांनी चारचौघांत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मन्ही आंडेर भलती शाणी शे," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लेकीच्या शहाणपणाचं खरंखुरं कौतुक होतं. महिन्याभरात मास्तरांची बदली आली. अक्कलकुव्याच्या पलीकडे, खापरच्याही वर, डोंगरातल्या कुठल्याशा पाड्यावर, जिथे शाळा म्हणजे चार खांब आणि वर गवत.

ते निघाले ती सकाळ स्वच्छ होती. पटांगण आता मोकळं पडलेलं, लाल ठिपक्यांनी डागाळलेलं; कोपऱ्यात त्यांची खुंटी तशीच रोवलेली, आणि तिच्यापाशी मी. गाडीत एक ट्रंक, एक वळकटी. राखेचा डबा त्यांनी शाळेच्या खिळ्यावरच ठेवला होता. माझ्याजवळ येऊन ते थांबले. मी शिव्यांची वाट पाहत होते. त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या, कानाखाली मारायला हवी होती, मग मला आयुष्यभर त्यांच्यावर रागावता आलं असतं आणि हिशेब मिटला असता. ते म्हणाले, "हात ताकात बुडवून ठेव, सुभद्रा. नुसत्या पाण्यानं उतरत नाही."

म्हणजे त्यांना सगळं दिसलं होतं. दिसलं होतं आणि तरी वर्गात त्यांनी माझा हात धरून पुढे ओढला नव्हता. या सौजन्याचा मला आजही संताप येतो. असल्या चांगुलपणावरच माझ्या बापासारख्यांची खळी भरतात. गाडी चालू लागली; मास्तर गाडीत बसले नाहीत, तिच्यामागून पायी निघाले, आणि नाल्याच्या वळणापर्यंत उलट्या पावलांनी चालत गेले, तोंड पटांगणाकडे, नजर खुंटीवर, जसे ते राखेची रेघ ओढताना चालत. फक्त हातात डबा नव्हता. रेघ उमटली नाही.

पुढे तीन वर्षांनी माझं लग्न झालं. मांडवाच्या दिवसांतही आमच्या खळ्यात मिरची होती, आणि टोपली डोक्यावर घेऊन वाफ्यांमधून मोगी ये-जा करत होती. उंच झाली होती, वाळली होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पण ती वीतभर वाटेवरून चालत होती ते मी पाहिलं. डोक्यावर एवढं ओझं, आणि पायाला एक मिरची लागत नव्हती. त्या खेळात ती अजून बाद झाली नव्हती. अख्ख्या गावातून मास्तरांचं काही कुणाकडे उरलं असेल तर ते तिच्या पावलांत, आणि त्या पावलांकडून गाव टोपल्या वाहून घेत होतं. मी नव्या साडीचा पदर तोंडात कोंबून मांडवामागे गेले. ते रडणं नव्हतं. मी पदर दातांनी फाडला.

आता जगाची दुसरी मोठी लढाई चालू आहे, रॉकेल मिळत नाही, डबे मात्र मिळतात. सासरच्या गावी माझी मुलगी शाळेत जाते आणि दिवसभर मांडी घालून पाढे ओरडते. तिथलं पटांगण कुणाच्या तरी कडब्यानं अडवलेलं होतं. मी तीन दिवस त्या माणसाच्या दारात जाऊन बसले, पाटलाची लेक म्हणून नाही, भांडखोर बाई म्हणून, आणि कडबा हलवला. मग डब्याला भोक पाडलं, पोरांकरवी चुलीचुलीतून राख आणवली, एका टोकाला खुंटी रोवली आणि नऊवारीचा काचा घट्ट करून उलटी चालू लागले. पारावरची माणसं हसली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "वहू येडी व्हयनी का काय?" पोरं मात्र गप्प उभी होती. राख पडताना ऐकू येते असं त्यांनाही वाटत असावं.

दर सोमवारी मी ती रेघ ओढते आणि ती दर सोमवारी वाकडी येते. मुलगी विचारते, आई, असं का होतं? मास्तर सांगायचे, उलटं चालताना पायांकडे बघायचं नाही, जिथून निघालो त्या खुंटीकडे बघत राहायचं, रेघ आपली आपण सरळ येते. मी बघते. पहिली दोन-चार पावलं नीट पडतात. मग त्या खुंटीपाशी नव्या परकरातली एक पोर दिसू लागते, माझी नजर खाली वळते आणि डबा हलतो. मुलं त्या वाकड्या पाट्यांवरही जीव तोडून पळतात, शिंकतात, पडतात, आपली आपण उठतात. मास्तर कुठल्या पाड्यावर आहेत, आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक नाही. इतके कार्तिक आले आणि गेले, खुंटी जिथल्या तिथे आहे, आणि ती पोर अजून हात पुढे करत नाही.